खडूची वाट

मी वाट बोलतेय. रस्ता नव्हे, वाट. रस्त्याला नंबर असतो, दिवे असतात, मधोमध पट्टा असतो. माझ्याकडे यातलं काही नाही. इंग्लंडच्या ससेक्समधल्या मार्लडीन गावात, चर्चच्या मागून मी निघते, एकहर्स्टांच्या कुरणातून वळणं घेत टेकडीच्या माथ्यावर जाते आणि पलीकडच्या अंगानं उतरते. इथलं गवत चार बोटं मातीत उगवलेलं असतं. त्याच्या खाली सगळा खडूचा दगड. म्हणून मी पांढरी.

मला कुणी आखलं नाही. मेंढ्यांनी पाडलं. मेंढी चढ कधी सरळ चढत नाही, अंगाला सोसेल तसा तिरका धरते. त्यामुळे माझ्या अंगात एक रेघ सरळ नाही. मेंढ्यांमागून मेंढपाळ आले, त्यांच्यामागून लोकरीनं भरलेल्या गाड्या आल्या. मग खाली डांबरी रस्ता झाला आणि सगळे तिकडे वळले. माणसाला सोयीची वाट सापडली की तो जुनीला ओळखसुद्धा दाखवत नाही. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं सरकत आली. मधल्या वळणावर तर मी पार बुजून गेले. नकाशात होते, जमिनीवर नव्हते.

डेस्मंड पिलबीम पहिल्यांदा आला तेव्हा तिशीचा असेल. मार्लडीनहून समुद्रकाठच्या शहरात जाणारी बस चालवायचा. आठवडाभर तोच रस्ता, तेच थांबे, चढणारी-उतरणारी तीच माणसं. एका रविवारी जाड टायरांची सायकल घेऊन तो माझ्यावर चढला आणि बुजलेल्या वळणावर काट्यांत अडकला. हातपाय ओरबाडून घेतले. पुढच्या रविवारी आला तो कोयता घेऊन.

तो छाटत बसलेला असताना विल्फ एकहर्स्ट ट्रॅक्टरवरून उतरला. कुरण त्याचं.

"काय रे, सरकारनं पाठवलं का तुला?"

"नाही. सायकल जात नाही."

"मग घरी बस की. इतकी वर्षं कुणाचं अडलं नव्हतं इथे."

"माझं अडलंय ना!"

विल्फ पुटपुटत गेला. पण पुढच्या आठवड्यात छाटलेल्या काट्यांचा ढीग त्यानंच ट्रॅक्टरनं उचलून नेला. तेव्हापासून दोघं बोलू लागले. बोलू लागले म्हणजे, विल्फ टोमणे मारायचा आणि डेस्मंड ते ऐकून घ्यायचा.

वाट मोकळी झाली तसे बाकीचेही आले. लंडनहून मोटारींच्या टपावर सायकली बांधून माणसं यायला लागली. मला त्यांची गंमत वाटायची. चढाच्या तळाशी ती ऑफिसचं बोलतात, मध्यावर गप्प होतात आणि माथ्यावर पोचली की "छे, फार काही नव्हतं" म्हणतात. त्यातलं खरं फक्त मधलं. पावसानंतर आली की आपटायची. ओला खडू साबणासारखा सटकतो, हे प्रत्येकाला स्वतः पडल्याशिवाय पटत नाही.

डेस्मंडला पटलेलं होतं. तो दर रविवारी यायचा, पण कोरड्यात. माझा खळगा न् खळगा त्याला ठाऊक होता. कुठे चकमकीचे दगड सुरीसारखे वर आलेत, कुठे चाक मऊ मातीत बसतं, कुठे ब्रेक सोडून द्यायचा. लोक वरून जातात. तो मला वाचत जायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

त्याच्या बायकोला मात्र मी डोळ्यांसमोर नको असायचे. हेझल गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिलाही सुटी रविवारचीच, आणि तो रविवार नेमका मी घ्यायचे. चर्चला येताना ती कधीकधी त्याच्याबरोबर माझ्या तोंडापर्यंत यायची.

"जा, वाट बघत असेल तुझी पांढरी बया."

"वाटच ती. वाट बघणं तिचं कामच."

"दात काढू नकोस. बटाटे करपले तर मला बोलायचं नाही."

"एकपर्यंत येतो ना."

"तुझा एक म्हणजे तीन, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलंय."

तो हसत निघून जायचा. ती क्षणभर तिथेच उभी राहायची. आपल्यामुळे कुणाच्या घरात रुसवा आहे हे कळलं, तरी वाटेला काही बाजूला होता येत नाही.

पन्नाशीनंतर डेस्मंडच्या चाकाची चाल बदलली. मी माणूस चाकावरून ओळखते. त्याचं चाक नेहमी माझ्या मधोमध असायचं, ते आता कडेला घसरू लागलं. ओळखीच्या फांद्या खांद्याला लागू लागल्या. एकदा एक मेंढी बाजूनं पुढ्यात आली तेव्हा तो असा दचकला, जशी ती आभाळातून पडली. मला वाटलं, वय झालं, दमला असेल.

मग वसंतातली ती सकाळ आली. कुरणात कोकरं उड्या मारत होती. वरचं फाटक अर्धं उघडं होतं. डेस्मंड चढ चढून आला आणि सरळ फाटकाच्या खांबावर जाऊन आदळला. सायकल एकीकडे, तो एकीकडे.

"अरे, खांब दिसला नाही?" विल्फचा आवाज आला.

"ऊन आलं डोळ्यांवर."

"ऊन तुझ्या पाठीला आहे."

डेस्मंड उठून बसला. गुडघ्यावरची माती झटकत राहिला.

"डेस, मी कुठे उभा आहे सांग."

डेस्मंडनं मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. हरवलेली वस्तू खोलीत शोधावी तसं शोधत त्याचे डोळे विल्फवर येऊन थांबले. विल्फ त्याच्या डाव्या हाताला, अगदी हातभर अंतरावर, कोकरू काखेत घेऊन उभा होता.

"मी मघापासून इथेच आहे," विल्फ म्हणाला. या खेपेला आवाजात टोमणा नव्हता. "कधीपासून असं आहे?"

"झालं असेल वर्ष. कडा गेल्यात. मधलं दिसतं. नळीतून बघितल्यासारखं."

"हेझलला माहीत आहे?"

डेस्मंडनं मान हलवली. नाही.

"आणि उद्या बस चालवणार तू?"

"मधलं दिसतं ना, विल्फ. रस्ता मधेच असतो."

"पोरं कडेनं धावत येतात, डेस."

कोकरू ओरडलं. विल्फनं ते खाली सोडलं. ते आईकडे पळालं.

"माझी नात तुझ्या बसनं शाळेत जाते," विल्फ म्हणाला. "तू सांगतोस की मी सांगू?"

"बस गेली की ही सायकलपण गेली. मग माझ्याकडे राहिलं काय?"

"ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण उद्या तू त्या बसमध्ये चढायचं नाहीस."

डेस्मंड माझ्यावर बसून राहिला. आजवर तो माझ्यावर कधी बसला नव्हता. त्याला थांबणं माहीतच नव्हतं. हातानं खडूचा एक तुकडा उचलून तो बोटांत चुरत राहिला. मग उठला आणि सायकल ढकलत, पायी, खाली गेला. त्याच दुपारी त्यानं हेझलला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आगारात जाऊन बसची नोकरी सोडून आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे थांबवायचं औषध नाही. उरलंय तेही हळूहळू जाईल. हे सगळं मला फाटकाशी टेकून बोलणाऱ्या माणसांकडून कळलं. तो स्वतः आला नाही.

दोन हिवाळे गेले. मधल्या वळणावर काटे पुन्हा सरकू लागले.

मग एका दुपारी रबरी बूट घातलेली हेझल आली. एकटीच. मला वाटलं, शिव्या द्यायला आली. पण ती सावकाश चालत होती. बुटाच्या टाचेनं माझ्या कडा चाचपत होती, उतारावर थांबून खाली वाकून बघत होती. मला एवढं निरखून त्यापूर्वी एकाच माणसानं बघितलं होतं.

फाटकाशी विल्फ भेटला.

"मिसेस पिलबीम! इकडे कुठे वाट चुकलात?"

"चुकले नाही. बघायला आलेय."

"डेस काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही, तेच तर! स्वयंपाकघरात खुर्चीवर बसतो. रेडिओ लावला तरी चालतं, बंद केला तरी चालतं. भांडतसुद्धा नाही हो माझ्याशी. इतकी वर्षं मी एक रविवार मागत होते. आता सगळे वार मिळालेत, पण त्यात माणूसच नाही."

विल्फनं टोपी काढून हातात घेतली. "मी त्या दिवशी बोललो नसतो तर..."

"तर काय झालं असतं याचा विचार करून मी रात्री दचकून उठते. तुम्ही बोललात ते बरं केलंत. ते सोडा. मला सांगा, हा उतार एका सायकलवर दोघांना झेपेल?"

"दोघांना?"

"दोन सीटची सायकल मिळतेय जुनी. जाड टायरांची. पुढे मी, मागे तो."

"तुम्ही शेवटची सायकल कधी चालवलीत?"

"शाळेत जात होते तेव्हा."

"अहो बाई, ही टेकडी आहे! शाळेची गल्ली नाही."

"म्हणून तर आधी पायी बघायला आले. भाजी चिरून ठेवल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही."

विल्फनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पावसानंतर येऊ नका. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. आणि पडायचं झालं तर माझ्या कुंपणावर पडू नका, नवीन घातलंय."

सगळा हिवाळा ती चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत ती लांबलचक सायकल फिरवायला शिकत होती. मागच्या सीटवर कधी शाळेतली मैत्रीण, कधी बटाट्यांचं पोतं. एप्रिलमध्ये, मी चांगली कोरडी झाल्यावर, ती डेस्मंडला घेऊन आली. घेऊन आली म्हणण्यापेक्षा ओढून आणलं. तो पहिल्या चढापासून बोलत सुटला.

"गुडघे थरथरतायत तुझे. सायकल सांगतेय मला."

"तू गप्प बस आणि पाय मार."

"गिअर बदल. अगं, आत्ता नाही, आधी बदलायचा! आता काय उपयोग?"

"मग आधी सांगायचं!"

मधल्या वळणावर व्हायचं तेच झालं. तिनं उशिरा वळवलं आणि दोघं काट्यांत गेले.

"काटे छाटल्यापासून मी इथे एकदाही पडलो नव्हतो," डेस्मंड ओरडला.

"कारण तू पुढे होतास. आता मी आहे. ऊठ."

"मला नाही यायचं. पोत्यासारखं मागे बांधून फिरवू नकोस मला. दया नको तुझी."

हेझल उठली. चेहऱ्यावर ओरखडा, केसांत खडू. ती भयंकर चिडली होती.

"दया? दया करायची असती तर घरी तुझ्या हातात चहा दिला असता आणि बसवून ठेवलं असतं! दर रविवारी मला सोडून तू जिथे जायचास, तिथे आहे तरी काय, ते मला बघायचंय. आणि ते तुझ्याशिवाय मला दाखवणार कोण? एकहर्स्ट?"

वाऱ्यानं काटे हलले. डेस्मंड बोटातला काटा काढत बसला होता.

"मी दाखवणार?" तो हळू म्हणाला.

"तूच."

मग तो उठला. चाचपत मागच्या सीटवर बसला. निघाल्यावर त्याचा आवाज वेगळा येत होता. ओरडणं नाही, सांगणं.

"खडखडलं ना? ते चकमकीचे दगड. डावीकडे राहा. अजून डावीकडे. आता आवाज बंद झाला? म्हणजे गवत लागलं. इथे जोर लाव, पुढे चढ आहे. बघू नकोस त्याच्याकडे, चढ बघितला की मोठा होतो. आता सोड. सोड ब्रेक, हेझल, काही होत नाही."

असे ते माथ्यावर पोचले. दोघांचे श्वास मला ऐकू येत होते. एकाएकी हेझलनं सायकल थांबवली.

"अगं बाई!"

"काय झालं? पंक्चर?"

"समुद्र."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? समोर. सगळाच्या सगळा."

डेस्मंडच्या नळीतून आता लांबचं काही दिसत नव्हतं. "इथून समुद्र दिसतो?"

तिला वाटलं तो थट्टा करतोय. मागे वळून बघितलं तर नव्हता करत.

"डेस, इतकी वर्षं येत होतास तू इथे!"

"माथा आला की लगेच उतार. डोळे पुढच्या चाकावर. मान वर केली असती तर दात पडले असते." मग विचारलं, "कसा आहे?"

हेझलनं सायकल तशीच धरून ठेवली आणि सांगू लागली. तिला छान छान शब्द येत नव्हते. राखाडी आहे, म्हणाली. मधे एक पट्टा घासलेल्या पातेल्याच्या बुडासारखा चमकतोय. एक जहाज आहे, पण जागचं हलत नाही. किनाऱ्यावरची घरं साखरेच्या खड्यांएवढी. वर एक चंडोल गातोय, पण तो कुठे आहे ते मात्र मला सापडत नाही. डेस्मंड मान वर करून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला तेव्हा जरा वाईट वाटलं. माझ्यावरून जाणाऱ्यानं फक्त माझ्याकडेच बघावं, असं मी कधी मागितलं नव्हतं.

त्यानंतर ते येत राहिले. दर रविवारी नाही. पाऊस, पाहुणे, गुडघेदुखी सांभाळून. माथ्यावर थांबायचे, चीज आणि लोणच्याचं सँडविच खायचे आणि हेझल काय दिसतं ते सांगायची. एकदा ढग भरून आले होते तरी तिनं समुद्र निळाशार आहे म्हणून सांगितलं.

"खोटं," डेस्मंड म्हणाला. "वारा ओला लागतोय."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"बरं वाटायला घरी केक आहे. इथे आहे ते सांग."

तेव्हापासून तिनं आहे तेच सांगितलं. कचरा असला तर कचरा, मेलेला ससा असला तर मेलेला ससा. पुढे त्याचं मधलंही गेलं. नळी मिटली. ज्या रविवारी त्यानं तिला हे सांगितलं, तेव्हाही ते माझ्यावरच होते.  मागे हात करून तिनं त्याचा गुडघा धरला आणि मग दोघं सावकाश उतरून गेले.

सांगायचं राहिलं ते एका सप्टेंबरमधल्या सकाळचं. गावातून निघाले तेव्हा ऊन होतं. माथ्यावर येईपर्यंत समुद्रावरून धुकं आलं आणि टेकडी गिळून बसलं.

"आज काय दिसतंय?" डेस्मंडनं विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. सगळं पांढरं. मागे वळले तर तू आहेस, एवढंच."

तो म्हणाला, "म्हणजे आज मला दिसतं तेवढंच तुलाही दिसतंय."

"तेवढंच."

"मग पुढे कुणीही बसलं तरी काय फरक पडतो?"

"डेस्मंड पिलबीम, नाही."

"माथा सपाट आहे. खाली गवत. मेंढ्या सोडल्या तर कुणी नाही."

"मेंढ्यांना काय जीव नसतो?"

"मेंढ्या बाजूला होतात. त्या माझ्यासारख्या हट्टी नाहीत."

हेझल सायकलवरून उतरली. चालत पुढे गेली. किती सपाट आहे ते पायांनी बघून आली. वाटेत बसलेली एक मेंढी तिनं हाकलली. मग खाली वाकून तिनं पुढची सीट त्याच्या उंचीला वर केली.

डेस्मंड पुढे आला. त्यानं दांड्यावरून हात फिरवला, दोन्ही ब्रेक शोधले.

"मुठी नवीन आहेत."

"मागच्या महिन्यात बदलल्या."

"मला न विचारता?"

"पुढे मी बसते ना."

ती मागे बसली. "मी ओरडले की थांबायचं."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय."

चाक आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मग त्याला मी सापडले. माझ्या अगदी मधोमध, एक तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, तो चालला होता. वेग फार नव्हता. चालणाऱ्या माणसाहून थोडा जास्त असेल. गवतावर टायरांचा हलका आवाज येत होता. ते धुक्यात दिसेनासे झाले आणि तिकडून हसणं ऐकू आलं. दोघांपैकी कोण हसत होतं, ते मला कळलं नाही. हेझल ओरडली नाही. गवत संपून उतार सुरू होतो तिथे ती हळूच "आता" म्हणाली, आणि तो थांबला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ते अजून येतात, कमी येतात, निम्म्यावरून परतही जातात. विल्फ गेला, कुरण नात बघते. माझ्यावरून आता बॅटरीच्या सायकली जातात, ज्यांना चढ कळतच नाही. मी खोल होत चाललेय. प्रत्येक पावसात माझा थोडा खडू विरघळून खालच्या ओढ्याला मिळतो. त्याचं मला दुःख नाही. झिजायचं नसतं तर वाट झालेच नसते.

मागणं एकच आहे. पाऊस पडून गेला की मला थोडे दिवस द्या. ओल्यात आलात तर तुम्ही पडता आणि मी फाटते. वारा सुटेल, ऊन येईल, मी वाळेन. मग या. एकटे या, दुकटे या. पुढे कुणीही बसा.